कठड्याजवळचा फोटो

प्रिय प्रणव,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्यावरून काही समजूत करून घेऊ नकोस. तुझे फोन मी मुद्दाम घेत नाहीये. साखरपुड्याची तारीख कळवा म्हणून तुझ्या आई माझ्या आईच्या मागे लागल्यात आणि आई माझ्या. उत्तर द्यायचं आहेच. पण फोनवर तू जर्मन थाटात ‘आल्झो, क्षितिजा, जरा शांतपणे ऐक’ म्हणतोस आणि माझं वाक्य तूच पूर्ण करतोस. कागदावर तुला मधे बोलता येत नाही. तेव्हा आधी हर्षबद्दल वाच, मग आपल्याबद्दल.

आपल्या आइस हॉकी क्लबच्या निवड-चाचणीचा दिवस आठव. चौदा-पंधरा वर्षांची पोरं बर्फावर उतरली आणि तुम्ही सगळे त्या दांडग्या, मिशी फुटलेल्या मुलांकडे बघायला लागलात. हर्षच्या जर्सीच्या बाह्या हाताखाली लोंबत होत्या. मी तुला कोपर मारून म्हटलं होतं, त्याचे पाय बघू नकोस, मान बघ. ती काळी रबरी पक त्याच्याकडे यायच्या आधीच तो वळून मागे बघून घेत होता, कोण कुठे आहे ते. पक त्याच्या काठीला लागली की लागलीच पुढे गेलेली असायची, आणि त्याला धडक द्यायला आलेली मुलं रिकाम्या कठड्यावर आपटायची. तू म्हणालास, ‘गेनाऊ! अगदी बरोबर! हे पोरगं भारी आहे.’ मला केवढा आनंद झाला होता! वाटलं, जे मला दिसतं ते याला पण दिसतं.

तुला हा आनंद कळायचा नाही. मी गडहिंग्लजची. बाबांच्या गिरणीत दळण लावून मी मैदानाच्या कडेला उभी राहायची, फुटबॉल बघत. ज्याच्या पायात बूट, त्याची निवड, हे मी लहानपणापासून बघितलंय. घरातली पहिली पदवीधर होणार म्हटल्यावर सगळे खूश होते. विषय क्रीडाशास्त्र आहे हे कळल्यावर आत्या बाबांना म्हणाली, पोरगीला पीटी मास्तर करणार काय? बाबा म्हणाले, तिला खेळातलं माणूस ओळखायला शिकायचंय. तेवढ्या एका वाक्यावर मी इथे जर्मनीत, येनापर्यंत आले. विद्यापीठात बर्फावरचा हा खेळ पहिल्यांदा बघितला आणि वाटलं, इथे तरी बूट सगळ्यांच्या पायात आहेत.

चाचणीनंतर हर्षच्या आईबाबांना, सीमाताई आणि शिरीषदादांना, तू कॉफीला बोलावलंस. रिंकवर मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून सीमाताई हरखून गेल्या होत्या. पिशवीत चिवड्याचा डबा होता, तो त्यांनी अख्ख्या कोचमंडळींना वाटला. मग तू म्हणालास, चला, आठवण म्हणून तिघांचा फोटो काढू. आणि कॉफीच्या टेबलापाशी नाही, तर त्यांना पार बर्फाच्या कडेला, पांढऱ्या कठड्याला टेकवून उभं केलंस. ‘दादा, जरा ताठ! ताई, पाय जुळवा!’ त्या बिचाऱ्या हर्षचे केस नीट करत होत्या. तो जर्मनमध्ये ‘नाइन, मामा’, नको ना आई, म्हणत डोकं काढून घेत होता. शिरीषदादा म्हणाले, फोटो मलाही पाठव रे, कऱ्हाडला आईला दाखवीन.

तो फोटो मला पुन्हा दिसला तो निवड-समितीच्या बैठकीत, भिंतीवर. शिरीषदादांच्या डोक्यावर एक लाल रेघ, सीमाताईंच्या डोक्यावर एक. कठड्याची उंची ठरलेली असते, तेवढ्यावरून तू दोघांची उंची काढली होतीस. नुसती विचारली असतीस तर त्यांनी हसत सांगितली असती, पण लोक फुगवून सांगतात असं तू म्हणालास. तुझा निष्कर्ष असा, की आईवडील बुटके, पोरगा फारसा वाढणार नाही, आज चुणचुणीत दिसतो पण मोठ्यांच्या संघात चिरडला जाईल. मी विचारलं, आणि त्याची मान? तू म्हणालास, ‘तीही मोजू का?’ सगळे हसले. तू सगळ्यांत जोरात हसलास. मी माझा विरोध नोंदवला, तर मुख्य कोच म्हणाले, फ्राउलाइन क्षितिजा भावुक होते आहे. तू त्यांना थांबवलं नाहीस. माझ्या खांद्यावर थोपटलंस.

नकार कळल्यावर सीमाताईंचा मला फोन आला. ‘क्षितिजा, वाढीची शक्यता मर्यादित म्हणजे काय गं? पोरगा काय कुंडीतलं झाड आहे?’ मी त्यांना खरं ते सांगितलं, फोटोसकट. हो, क्लबमधली गोष्ट बाहेर सांगितली. कर तक्रार. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, ‘अगं, त्याची उंची आमच्याकडून कुठली? आम्ही त्याला पुण्याच्या संस्थेतून आणला, एवढासा होता. त्यालाही पहिल्यापासून माहितीये. सांग हवं तर प्रणवला, लपवायचं काय त्यात? पण एक. हे दाखवून जागा मागायची नाही. आमची उंची चालत नसेल, तर आमचा मुलगाही चालायला नको.’ मागून हर्ष जर्मनमध्ये ओरडला, ‘मग त्यांनी फोटोलाच खेळवावं म्हणावं!’ तो आता त्याच्या जुन्या, छोट्या क्लबकडूनच खेळणार आहे.

मी तुला फोन केला. मला खरंच वाटत होतं, की तू ओशाळशील. निदान चिवड्याची तरी आठवण काढशील. पण तुझा आवाज एकदम उजळला. ‘अगं, मग सगळं गणितच बदललं! खऱ्या आईवडिलांची उंची संस्थेत नोंदवलेली असेल का? विचार ना ताईंना, तुझं ऐकतील त्या.’ मी फोन ठेवला. ‘लाइन कट झाली वाटतं’ असा तुझा मेसेज आला. लाइन कट झाली नव्हती.

तुझं गणित चुकलं म्हणून मी चिडले असं तुला वाटत असेल. तसं नाही. हर्ष सीमाताईंच्या पोटचा असता आणि तुझा अंदाज अगदी अचूक निघाला असता, तरी हेच लिहिलं असतं. एका बाईने आपलं माणूस समजून तुझ्यासमोर पाय जुळवले आणि तू तिच्या डोक्यावर रेघ ओढलीस. शिवाय मी जे बघायला गडहिंग्लजहून इथवर आले, ते तुला त्या दिवशी दिसलं होतं, प्रणव. दिसलेलं असूनही तू ते टाकून दिलंस, याचा मला जास्त राग आहे.

नोकरी मी सोडणार नाही. पुढच्या चाचणीला तुझ्या समोरच बसेन, आणि तू आईबापांना कठड्याकडे न्यायला लागलास की तिथे मराठीत, जर्मनमध्ये, जमेल त्या भाषेत मोठ्याने सांगेन, हा फोटो कशासाठी आहे ते. आणि साखरपुडा होणार नाही. हे सांगायला पत्र लिहिलं. तुझ्या आईंना तूच सांग. त्या मला बऱ्या वाटतात, त्यांना माझ्या तोंडून ऐकायला लावू नकोस. त्या दिवशी तुझा फोन ठेवल्यावर मला मार्चमधली संध्याकाळ आठवली, जाले नदीचा पूल, आपल्याला मुलं झाली तर कशी असतील असं तू बोलत होतास. मधेच विचारलंस, तुझ्या बाबांची उंची किती गं? आणि आईची? मला वाटलं, न भेटलेली माझी माणसं तुला डोळ्यांसमोर आणायची आहेत. मी हौसेने सांगत सुटले, की बाबा गिरणीच्या दारातून वाकून आत येतात, आई त्यांच्या खांद्यालाही लागत नाही, आणि लग्नाच्या फोटोत तिला पाटावर उभी केली होती. तू जरा विचार केलास आणि म्हणालास, ‘चालेल.’ मला तो लाडाचा शब्द वाटला होता. मला चालणार नाही, प्रणव.

तुझी म्हणवून घ्यायला यापुढे तयार नसलेली,
क्षितिजा