दोन मिसेस व्हिटकोम

३ नोव्हेंबर १९५३, न्यूयॉर्क
पोस्टर लागलं! ‘व्हिटकोम’ दोनदा. वर लेखक हॅरल्ड — माझा एकेकाळचा नवरा. खाली नायिका पेगी — त्याची नवी बायको. आणि ती आजारी पडली तरच उभी राहायला, बदली नटी म्हणून विंगेत कोण? मी! ही भूमिका त्यानं माझ्याच स्वैपाकघरात, माझीच कॉफी ढोसत लिहिली. संताप नुसता!

४ नोव्हेंबर
निर्माता सॉल म्हणतो, “नॉरा, एका नाटकात दोन मिसेस व्हिटकोम? लोक हसतील गं. माहेरचं नाव लाव की.”

वा रे वा! लग्नात हॅरल्ड म्हणाला होता, “झब्लोकी? पोस्टरवर मावणार नाही बाई!” टाकलं. बाबा पिट्सबर्गला मटणाच्या दुकानात बसून रडले, तरी टाकलं. आता म्हणे उचल! माझं नाव म्हणजे काय खुंटीवरचा कोट आहे? हॅरल्डला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा त्याची नाटकं मी ओढली. हे नाव मी कमावलंय. सोडणार नाही. मेले तरी नाही!

९ नोव्हेंबर
पेगी, भीतभीत: “मी तुम्हाला काय म्हणू?”
“मिसेस व्हिटकोम म्हण. रोज आरशात म्हणतेसच की!”
पोरगी लालबुंद. बरी जिरली.

१७ नोव्हेंबर
पेगीचा घसा बसला. आज मी! प्रेक्षकांच्या कार्यक्रमपत्रिकेत बदलाची चिठ्ठी घालतात, तिच्यासाठी मॅनेजरनं विचारलं, “नॉरा लिहू ना?”
“काही नको. नुसतं मिसेस व्हिटकोम. ती मीच!”
छापलं तसंच — मिसेस व्हिटकोम यांच्या जागी मिसेस व्हिटकोम.

१८ नोव्हेंबर
काल लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते! मोठ्या पेपरचा समीक्षकही होता म्हणे. आता कळेल सगळ्यांना.

१९ नोव्हेंबर
पेपरात समीक्षण आलं: “पेगी व्हिटकोम यांनी काळीज हलवलं.”
पेगी! चिठ्ठी त्या शहाण्याला छपाईची चूक वाटली!

पेगीच कात्रण घेऊन आली, बसक्या आवाजात रडत. “हे तुमचं आहे. मी पेपरला कळवते.”
हॅरल्ड मागून: “खुलासा कशाला? नाव व्हिटकोमचंच झालं ना? घरातच राहिलं.”
घरातच! कुणाच्या?
पेगीला कॉफी दिली. त्याला दार दाखवलं.

२० नोव्हेंबर
पेगीचा घसा अजून बसलेलाच. आजची चिठ्ठी मी स्वतः लिहून दिली — नॉरा झब्लोकी.
मावलं की!