शिलेवरचं पहिलं नाव

शिंदखेडा, ३ ऑगस्ट

प्रिय नाना,

गुडघ्यांना तेल लावता ना? खोटं सांगू नका, ज्योतीकाकूला फोन करून विचारणार आहे मी. इकडे गावात चौकातल्या चौथऱ्याला रंग देऊन झाला. पंधरा ऑगस्टला नवी शिला बसेल आणि पडदा तुम्ही ओढायचा, हे सरपंचांनी तुम्हाला कळवलंच आहे. शिलेचा मजकूर लिहायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

शाळेत जायच्या आधी मी तुमच्याजवळच शिकले. बाराखडी झाल्यावर पाटीवर तुम्ही पहिलं वाक्य लिहून दिलंत: 'चुडामण आबांनी बेचाळीस साली झेंडा मिरवणूक काढली.' तुमच्या वडिलांचं नाव गिरवतच मी लिहायला शिकले. अजूनही दरवर्षी पंधरा ऑगस्टला शाळेतलं कुणीतरी काजळाच्या मिशा काढून आबा होतं.

शिलेवर नेमकी तारीख हवी, म्हणून बेबाबाईंकडे गेले. नऊ वर्षांच्या असताना त्या मिरवणुकीत चालल्या होत्या. झेंडा कुणी धरला होता, विचारलं तर हसायलाच लागल्या. "झेंडा कसाना व माय? कानबाई व्हती ती!" श्रावणातला सोमवार. बायका कानबाईला नदीवर बोळवायला गात-नाचत निघाल्या होत्या. जमावबंदी लागलेली, पण "बंदी मानसेसले, कानबाईले कसानी?" असं म्हणून तुमच्या आईने, ताईबाईने, देवीचा चौरंग डोक्यावर घेतला. बाहेरून आलेल्या पोलिसांना कानबाई काय माहीत? त्यांनी लाठ्या चालवल्या. ताईबाईचा डावा हात मोडला, पण चौरंग तिने पडू दिला नाही.

एकीच्याच बोलण्यावर मी विसंबले नाही. जुनं पंचांग शोधून तारीख ताडून पाहिली, आणखी दोन घरी विचारलं. सगळ्यांचं सांगणं एकच. आबा त्या दिवशी चाळीसगावला बैल बघायला गेले होते. संध्याकाळी परतले, तर पोलीस बायकांना धरून न्यायच्या बेतात. आबा पुढे झाले, म्हणाले, मिरवणूक मी काढली. पोलिसांनी कागदावर झेंडा लिहिला. दोन महिन्यांनी आबा तुरुंगातून सुटून आले, तेव्हा गावाने हार घातले, आणि त्या हारांपुढे कानबाईचं नाव कुणी काढलं नाही. नाना, मला आबांचा राग आला नाही, उलट ते जास्तच आपले वाटायला लागले. पण तुम्ही आईचा वाकडा हात जन्मभर पाहिलात आणि ती विहिरीवर पडली, एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं, ते आठवून मला रडू आलं.

मजकूर मी काल देऊन टाकला: 'कानबाईची मिरवणूक ताईबाईने नेली. शिक्षा चुडामणने भोगली.' सरपंचांनी विचारलं, नानांची परवानगी घेतली का. मी हो म्हणाले. तुम्हाला फसवून कधी काही केलं नव्हतं, हे पहिलंच. विचारलं असतं आणि तुम्ही नको म्हणाला असतात, तर तुमचा शब्द मला मोडता आला नसता. अक्षरं शुक्रवारी कोरायला घेतील. तोवर 'नको' म्हणून तुमचा फोन आला, तर सरपंचांना खरं सांगून काम थांबवीन. नाही आला, तर पडदा ओढल्यावर आधी तुमच्या आईचं नाव दिसेल. साऱ्या गावासमोर ते तुम्हाला पहिल्यांदा वाचायला लागू नये, म्हणून आज लिहिते आहे.

तुमचीच,
दिपमाला