खेमाच्या नावे होणाऱ्या बॅटरी संचास हरकत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
मेंढपाळ उजेड योजना,
हिंगोली.

विषय : कै. ज्ञानबा पोले, रा. साखरा, ता. सेनगाव यांच्याकडील बॅटरी संच निर्लेखित न करणे व त्याच्या हस्तांतरास हरकत.
संदर्भ : आपल्या तपासनिसांचा मागील महिन्यातील अहवाल.

महोदय,

१. ज्ञानबा पोले हे माझे वडील. मेंढवाड्यावर उजेडासाठी त्यांना योजनेतून तीनशे वॅट-तासांचा संच मिळाला होता. श्रावणात ते वारले. नियमानुसार संच नादुरुस्त ठरला तर निर्लेखित होऊन भंगार म्हणून घरी राहतो. चांगला ठरला तर लाभार्थ्याने सुचवलेल्या माणसाकडे जातो. वडिलांनी खेमाचे नाव सुचवले. खेमा त्यांच्यासोबत मेंढरे वळत असे. मी त्यांची एकुलती एक मुलगी.

२. अहवाल म्हणतो की, तीन वॅटचा दिवा अठरा तासांत विझला, म्हणजे चौपन्न वॅट-तासच मिळाले. सबब संच निर्लेखित करावा. हा निष्कर्ष माझ्या सोयीचा आहे, पण चुकीचा आहे. तपासनिसांनी दिवा फोनच्या चार्जरमधून संचावरच्या तीन पिनांच्या सॉकेटला लावला. वडीलही तेच करत. यूएसबीचे चपटे भोक 'फोनचं', दिव्याला 'खरी लाईट' लागते, अशी त्यांची समजूत होती. त्या सॉकेटसाठी यंत्राला आतल्या आत वीज बदलावी लागते आणि त्यातच ते सुमारे बारा वॅट खाते, बाहेरचा दिवा कितीही लहान असो. तोच दिवा मी चपट्या भोकात लावला. तिसऱ्या दिवशीही तो जळत होता.

३. आता हरकत. वडील मेंढवाड्यावरून फोन करत आणि लगेच म्हणत, "शिवू, ठेव आता, बॅटरी उतरून राहिली." फोन याच संचावर चार्ज होई, आणि त्यांनी संचावरून खेमाच्या पालातही एक दिवा ओढून दिला होता. माझे बोलणे त्या दिव्यात जळते, असे मला वाटे. एकदा तसे म्हणालेही. ते हसले. "काहून गं, अंधारात भाकर खावी का त्यानं?" दहाव्याला खेमा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, आप्पा रातभर तुमचंच सांगून राहायचे." सांत्वनच करत होता. मला मात्र एवढेच ऐकू आले की, रात्रभर बोलायला त्याला वडील मिळत होते.

४. परवा मी दोन्ही दिवे वडिलांसारखेच तीन पिनांच्या सॉकेटला एकत्र लावून पाहिले. दुसऱ्या दिव्याने अठरातले जेमतेम तीन तास कमी झाले. माझ्या वाट्याचे खेमाने खाल्ले नव्हते, यंत्राने खाल्ले होते. एवढे कळल्यावर हरकत संपायला हवी होती. ती संपली नाही. वडिलांचा खोकला वाढला हे त्याला आधी कळले. शेवटचे पाणी त्याने पाजले. यावर आपल्या योजनेत काही तरतूद नसावी.

सबब विनंती की, संच निर्लेखित करू नये. तो खेमाला द्यावा आणि दिवा कोणत्या भोकात लावायचा हे कार्यालयाने त्याला समजावून सांगावे. माझ्याने ते होणार नाही. माझी हरकत नोंदवून घ्यावी. ती मान्य करू नये.

आपली,
शिवकन्या ज्ञानबा पोले
हिंगोली, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत : संच, चार्जर व दोन्ही दिवे.