पुणतांब्याच्या डोहातील ऊद न जाळल्याबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपालसाहेब,
वनक्षेत्र कचेरी, जि. अहमदनगर.

अर्जदार : कचरू सूर्यभान शिंगाडे, वय अदमासे पन्नास, धंदा मासेमारी, राहणार मौजे पुणतांबे, ता. कोपरगाव.

विषय : अर्जदाराने जाळलेला ऊद हा प्राणी नसून धुरीचा ऊद असल्याबाबत, तसेच डोहात खरोखर मेलेल्या पाणमांजराबाबत.

संदर्भ : वनरक्षकामार्फत मिळालेली नोटीस, दि. २५ जून १९७३.

महोदय,

अर्जदार हा जातीचा भोई असून गोदावरीत जाळे टाकून पोट भरतो. त्याच्या बापजाद्यांत कोणी कचेरीची पायरी चढलेला नाही. नोटीस आल्यापासून रस्त्यात खाकी कापड दिसले की तो बोळात शिरतो, मग ते पोस्टमनचे का असेना. तरी भीत भीत खरी हकीगत सादर करीत आहे.

गेल्या सालच्या दुष्काळात नदी आटली आणि घाटाखालचा डोह तेवढा राहिला. माणसे, गुरे, मासे, सगळ्यांची भिस्त त्याच्यावर. मागील महिन्यात अर्जदाराने संध्याकाळी तेथेच जाळे लावले. सकाळी ओढू लागला तर जाळे जड. मोठा मरळ लागला म्हणून मनात हरखला. वर आली ती पाणमांजराची मादी, गुदमरून मेलेली. हे जनावर पाण्यात राहते खरे, पण श्वास घ्यायला त्याला तुमच्याआमच्यासारखे वर यावे लागते, आणि जाळ्याने तिला येऊ दिले नाही. पोटाशी पाहिले तर दूध. पाजती होती हो, साहेब!

अर्ज लिहून देणारे आप्पासाहेब यांनी येथे 'अनवधानाने' असा शब्द सुचविला. अर्जदारास तो समजत नाही व त्याचा भरवसाही वाटत नाही. 'चुकून' असेच लिहावे असे त्याचे म्हणणे आहे.

अर्जदाराची बायको छबूबाई हिने त्या मादीला लेकुरवाळी म्हणून हळदकुंकू वाहिले आणि दोघांनी तिला काठावरच्या जांभळीखाली पुरले. खात्री करावयाची असल्यास जागा दाखविण्यास अर्जदार तयार आहे. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते म्हणतात. पाणमांजराबद्दल काय वाहावे, हे गावात कोणालाच सांगता आले नाही.

घाटावर धुणे धुणाऱ्या बायांनी हा प्रकार पाहिला, तो चार तोंडी होऊन कचेरीपर्यंत गेला व वनरक्षकसाहेब दारी आले. घोटाळा झाला तो येथे. या जनावरास पुस्तकात 'ऊद' म्हणतात हे अर्जदारास त्या दिवशी ठाऊक नव्हते. त्याची लेक भागिरथी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आहे. वनरक्षकसाहेबांनी दरडावून विचारले, "ऊद कुठे आहे?" अर्जदार म्हणाला, "सकाळीच जाळला, सायेब. घरात बाळंतीण हाय." "एकदाच जाळला?" "छ्या! रोज जाळतो, सांज-सकाळ. त्याबिगर पोरगं झोपत न्हाई." "आणतोस कुठून?" "बाजारातनं. तोळ्यावर मिळतो." "आणखी कोण जाळतं?" "समदा गाव जाळतो की! देवळात तर लई." साहेब एवढ्या आस्थेने चौकशी करताहेत म्हणून अर्जदारास बरेच वाटले. हे सर्व कागदावर चढले व त्यावर त्याने खुशीने अंगठा दिला. मग शेगडीतली राख आणि डबीतले काळे खडे 'अर्धवट जळालेले अवशेष' म्हणून बांधून नेण्यात आले, तेव्हा कोठे काही तरी भलते झाल्याचे त्याच्या ध्यानात आले.

आता नोटिशीवरून असे दिसते की, अर्जदार दररोज दोन पाणमांजरे जाळतो, ती तोळ्यावर विकत आणतो आणि सर्व गाव या कामी सामील आहे. साहेब, एवढी पाणमांजरे सबंध गोदावरीत तरी असतील काय?

तेव्हापासून घरात ऊद जाळण्याची कोणाची छाती नाही. धुरीवाचून भागिरथीचे पोर रडरड रडते, अंगावर धड पीत नाही. शेजारणी म्हणतात, "पाजतीला मारली, तिची हाय लागली." अर्जदार तुरुंगाला भितो, पण या बोलण्याला त्याहून जास्त भितो.

नवीन कायदा चावडीवर वाचून दाखविण्यात आला. त्यात मारणे आले, पकडणे आले, फास लावणे आले. 'चुकून' हा शब्द त्यात कोठे आहे काय, असल्यास कोणत्या कलमात, हे कळावे. नसल्यास जाळे टाकायचे कसे, तेही कळावे, कारण पाण्याखाली काय चालले आहे हे काठावरच्या माणसास दिसत नाही. जाळे तेव्हापासून वळचणीला टांगलेले आहे. अर्जदार हल्ली गळ टाकून बसतो.

तरी जाळलेल्या उदाबद्दलचा आरोप काढून टाकावा व धुरी करण्यास मोकळीक द्यावी. मेलेल्या पाणमांजराबद्दल जी शिक्षा ठरेल ती अर्जदार मुकाट भोगील.

एक गोष्ट नोटिशीत नाही, ती अर्जदार आपण होऊन सांगत आहे. त्या मादीची दोन पिल्ले डोहाच्या कपारीत आहेत. अर्जदार रोज सकाळी त्यांस मासे टाकतो. हाही गुन्हा असेल की काय, या धास्तीने इकडेतिकडे पाहत जातो. आता ती त्याची चाहूल ओळखतात आणि शीळ घातल्यागत ओरडत बाहेर येतात. म्हणून अर्जदारास न्यावयास शिपाई धाडणे झाल्यास दिवस चांगला वर आल्यावर धाडावा. आणि अर्जदार तुरुंगात असेतो पिल्लांना मासे कोणी टाकायचे, तेवढे त्याच हुकमात लिहावे, ही हात जोडून विनंती.

आपल्या हुकमाची धास्ती घेऊन बसलेला,
कचरू सूर्यभान शिंगाडे
(निशाणी डावा अंगठा)

मौजे पुणतांबे, दि. २ जुलै १९७३
अर्ज लिहून देणार : आप्पासाहेब, निवृत्त तलाठी

सोबत : उदाची एक पुडी. कृपया निखाऱ्यावर टाकून वास घ्यावा.