डॉक्टरांचा चष्मा

चोपडे, १८ जानेवारी, शुक्रवार

लेझरने नंबर जाईल, पण डोळे कोरडे पडतील, क्वचित नजर अधूही होईल, असं म्हापशाच्या डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितलं. चष्मा राहिला तर पोलीस उपनिरीक्षकाच्या भरतीत मी बाद.

परतताना बसमध्ये आईचं एकच. "तो दाक्तर स्वता चष्मो घालता, आनी तुझे दोळे जाळतलो?"

खरंच, त्यांनी का नाही केलं? विचारायला हवं होतं... पण त्यांना कुठे उपनिरीक्षक व्हायचंय? मला व्हायचंय.

संध्याकाळी तोंड धुताना आईने काहीतरी पुढे केलं. नुसतं पिवळं, धूसर. चष्मा चढवला, तर तिच्या पाटल्या!

"घे गो बाय. दोळ्यांपरास भांगर मोठां न्हय."

लेझरसाठी सोनं मोडायला निघाली! त्या तिच्याच हातात परत चढवल्या. शिकवण्या घेईन, पैसे साठवीन. डोळे माझे, धोका माझा, खर्चही माझाच.