आण्णांची कवळी आणि साठ कडक भाकरी

सोलापूर, ३ मार्च

ती. तेजश्रीताई यांना,
दीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे आम्ही तिघंही खाऊनपिऊन बरे आहोत (‘खाऊन’खाली रेघ मुद्दाम मारली आहे). तुमची कंबर, दाजींची शुगर आणि करमाळ्यात नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, हे सगळं सवडीनं कळवावं. हातात फोन असताना भावजयीनं पत्र कशाला लिहावं, असं तुमच्या मनात येईल. पण ताई, तुम्ही मुख्याध्यापक आहात आणि फोनवरसुद्धा वर्गातच असता. माझं तिसरं वाक्य सुरू झालं की तुमची घंटा होते. पत्राला मध्येच गप्प बसवता येत नाही, म्हणून ही वाट धरली.

तर जानेवारीत तुम्ही आलात, चप्पल काढायच्या आधी ओट्याखालचा कचऱ्याचा डबा उघडलात आणि त्यातून पार्सलचे सहा रिकामे डबे काढून दिवाणावर ओळीनं मांडलेत. मग म्हणालात की आमच्या आईनं दिवसभर विड्या वळल्या, पण आण्णांना रोज गरम भाकरी वाढली, एक दिवस खाडा नाही. आणि फेब्रुवारी संपेपर्यंत या घरात नीट स्वयंपाक दिसला नाही तर आण्णांना मी करमाळ्याला घेऊन जाणार. तुमचे बंधू त्या वेळी पंख्याकडे बघत होते आणि आण्णा पेपर वाचत होते (उलटा). आणि डबे खरेच सहा होते. कॉलेजच्या ऑफिसात आमच्याकडे तपासणी समिती येणार म्हणून मी तेव्हा सातशिवाय सुटत नव्हते, संघपाल रेल्वेत पाळीवर, आमची दोघांची गाठ पडते ती फ्रीजच्या दारात. पण मी घरी आले की ‘दुपारी काय खाल्लीस गं’ असं विचारणारा माणूस जगात एकच आहे, आणि तुम्ही नेमका तोच न्यायला निघालात. मला आण्णांना जाऊ द्यायचं नव्हतं. हे इतकं सरळ फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं.

तुम्ही स्टँडवर पोचायच्या आत संघपालनी वेळापत्रक करायला घेतलं. रेल्वेतला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. सोमवार ते शनिवार, सकाळ-संध्याकाळ, भाजी, डाळ, कोशिंबीर, सगळं छापून, वर प्लास्टिक चढवून फ्रीजवर लावलं. रविवारी पहाटेपासून आम्ही सहा भाज्या एकदम शिजवल्या आणि बारा डबे भरले. सोमवारी यांची ड्यूटी बदलली, मंगळवारी माझी समिती एक दिवस आधी आली, आणि बुधवारी डबे उघडले तेव्हा वांग्याला दोडक्याची चव होती आणि दोडक्याला फ्रीजची. आण्णा निमूटपणे जेवले आणि म्हणाले, ‘चांगलं हाय की.’ आण्णांनी एखाद्या पदार्थाला चांगलं म्हटलं, तर तो टाकून द्यावा, हे तुम्ही मला लग्नातच सांगायला हवं होतं.

मग भाकरी. माझं माहेर चिंचवडचं, आम्ही चपातीवाले. ज्वारीचं पीठ माझ्या हाताखाली आलं की त्याला तडे जातात. मी थापलेली पहिली भाकरी परातीतून तव्यापर्यंत जाताना तीन ठिकाणी उतरली. संघपाल म्हणाले सरक, मी बघतो, आणि मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ बघत थापू लागले. त्यांची भाकरी अखंड राहिली हे मी मान्य करते (मोबाईल तेवढा अजून दुरुस्तीला आहे). पण ती मध्ये कच्ची, कडेला कोळसा, आणि आकारानं थेट तुमचा करमाळा तालुका. शेवटी मी खालच्या मजल्यावरच्या सुंदरम्मांकडे शरण गेले. त्या मूळच्या दुधनीच्या, आणि लग्नकार्याला, परगावच्या पोरांना पाठवायला कडक भाकरी करून देतात. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. मला वाटलं, सापडलं उत्तर. एकदम साठ सांगितल्या. सुंदरम्मांनी विचारलं, ‘इतकं कोण खाणार हाय?’ मी मोठ्या रुबाबात सांगितलं, आमचे आण्णा.

आण्णांच्या तोंडात एकही स्वतःचा दात नाही, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. सात वर्षं रोज सकाळी ती कवळी मी वाटीत बघते, तरी आठवलं नाही. रात्री ताटात कडक भाकरी वाढली. आण्णांनी आधी भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सुनेचं मन मोडू नये म्हणून चावा घेतला. कट् असा खणखणीत आवाज झाला. भाकरी छान मोडली असं समजून आम्ही दोघांनी समाधानानं माना डोलावल्या. भाकरी अख्खी होती. वरच्या कवळीचे दोन तुकडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, नवीन व्हायला आठ दिवस. फेब्रुवारी संपायला दहा होते. (त्या आठवड्यात तुमचे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा आण्णा आंघोळीला गेले होते. त्याबद्दल क्षमा असावी. ते घरातच होते आणि कोरडे होते.)

दुसऱ्या दिवशी मी खिमटासारखा मऊ भात करायला निघाले, तर आण्णा स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, ‘भात ठेव बाजूला. शेंगाच्या कुटाची आमटी टाक, लसूण लई घाल.’ आमटीला उकळी आली तशी त्यांनी भाकरी स्वतःच्या हातानं खोल ताटलीत कुस्करली, वरून कडकडीत आमटी ओतायला लावली आणि ताट झाकलं. पाच मिनिटांनी झाकण काढलं तर दात नसलेला माणूसही पोटभर खाईल इतकं मऊ झालं होतं, आणि चव अशी की संघपाल दुसऱ्यांदा वाढून घेऊन गेले. मी म्हटलं, आण्णा, हे कुठं शिकलात? तर म्हणाले, ‘शिकायचं काय त्यात? तुजी सासू आयुष्यभर हेच करत आली की.’ मी म्हटलं, ताई तर म्हणतात रोज गरम भाकरी. आण्णा हसले. ‘कोन म्हनलं? तिनं विड्या वळायच्या का रोज भाकऱ्या थापत बसायचं? शनवारी एकदाच कडक करून पत्र्याच्या डब्यात भरायची. माजी गिरणीत कंची बी पाळी असू दे, रोज नुस्ती आमटी गरम. तेजूला आमटीची वाफ दिसायची, ती समजायची भाकरी गरम हाय.’

ताई, हे ऐकून मी ओट्याला टेकून हसले, आणि खरं सांगते, मग थोडी रडलेसुद्धा. सात वर्षं ज्या सासूच्या नुसत्या फोटोच्या धाकात मी होते, ती माझ्यासारखीच दमलेली आणि वेळेला पुरून उरलेली बाई निघाली. तिला एकदा भेटायला मिळायला हवं होतं.

आता दुसरा मुद्दा, बाहेर खाण्याचा. त्याच आठवड्यात रविवारी दुपारी आण्णांनीच फर्मान काढलं की गौसभाईंच्या खानावळीत जायचं. गल्ल्यावर गौसभाईंचे वडील हुसेनसाब बसले होते. ते आण्णांबरोबर गिरणीत होते आणि आण्णा त्यांच्या खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आण्णांना बघून म्हणाले, ‘क्या जॉबर, दातां किधर छोड को आया?’ आणि मग दोघं म्हातारे दोन तास जागचे हलले नाहीत. मटणाच्या रश्श्यात कडक भाकरी कुस्करून आण्णांनी जे काही खाल्लं ते बघून गौसभाई स्वतः वाढायला उभे राहिले. हुसेनसाबांनी सांगितलं की पगार झाला की पुढच्या रविवारी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, आईंचा तसा नियमच होता. अख्खं घर इथं जेवायला यायचं, आणि तेजू बाकड्यावर उभी राहून मटणातली नळी आपटायची. (नळी न फुटल्यास रडायची, असंही ते म्हणाले. मी फक्त कळवते आहे.)

त्या दिवसापासून घराची घडी बसली आहे. भाकरी सुंदरम्मांची, शेंगाची चटणी बरणीत, पालेभाजी दुपारी आण्णा निवडतात, आणि जो आधी घरी येईल त्यानं आमटी टाकायची. रविवारी खानावळ. वेळापत्रक फ्रीजवरून काढून त्यावर आम्ही लसूण सोलतो. नवीन कवळी आली आहे, पण जेवताना ती वाटीतच असते. गल्लीतल्या डॉक्टरांकडे काल वजन केलं : आण्णा अडीच किलोनं वाढले. चिठ्ठी सोबत जोडली आहे, डॉक्टरांच्या शिक्क्यासह. तेव्हा या रविवारी आण्णांना न्यायला येणार होतात, तो बेत रद्द समजावा. जेवायला मात्र जरूर यावं. दाजींना नमस्कार.

तुमची धाकटी, आणि या खेपेला जिंकलेली,
दीक्षा

ता. क. एक बारीकसं काम होतं. जयंती झाली की आण्णांना चार दिवस करमाळ्याला न्याल का? तसं काही नाही. पण त्यांच्यातला जॉबर जागा झाला आहे. सव्वासातला आमटी उकळली नाही तर ते दारात उभे राहतात, कोथिंबिरीची काडी टाकली तर उचलून आणून देतात, आणि पार्सल हा शब्द घरात उच्चारायची सोय राहिलेली नाही. गेल्या बुधवारी मी आणि संघपालनी गच्चीवर टाकीमागे उभं राहून पावभाजी खाल्ली, लग्न झालेली माणसं असून. आम्हाला चार दिवस पलंगावर लोळत, डब्यातूनच, ताट न घेता जेवायचं आहे. पाचव्या दिवशी परत आणून सोडावं. पाचव्याच, सहाव्या नव्हे.

ता. क. २ : पाकिटावरचा पत्ता बरोबर आहे का बघतो म्हणून आण्णांनी पत्र मागितलं आणि आत्ता चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं, संपलं. पण रागावले नाहीत. पावभाजीचा वास तेव्हाच आला होता म्हणाले, खुशाल खावा. मग म्हणाले, ‘चार दिवस जातो की तेजूकडं. पर ही न्या म्हनून काय लिवलंस? मी काय सामान हाय? लेकीकडं पाव्हना म्हनून जायचं असतं. घर माजं हितं हाय.’ तरी वरच्या ता. क. मध्ये जिथं ‘न्याल का’ असं लिहिलं आहे, तिथं कृपया ‘बोलवाल का’ असं वाचावं.