देवूला पान लागलं होतं

बोईसर,
रविवार, २८ नोव्हेंबर १९९३

प्रिय नर्मदाताईस,

नवसीचा नमस्कार. भावोजींना नमस्कार, पोरांना पापा. तुझं वर्सोव्याहून आलेलं पत्र मिळालं. आईचा गुडघा आता बरा आहे. मागच्या रविवारी नवापूरला गेले तर ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. मला बघून शेजारणीला म्हणाली, "आली गो आमची डॉक्टरीण." मी डॉक्टरीण नाही हे तिला सतरा वेळा सांगून झालं. औषधं तपासायच्या केंद्रात मी माणसं जमवते, त्यांचे फॉर्म भरते आणि ती काय बोलतात ते डॉक्टरांना हिंदीत सांगते. डॉक्टर बाहेरचे आहेत, त्यांना आपलं बोलणं समजत नाही. एवढंच माझं काम.

तू विचारलंस, तिथे नक्की काय चालतं. कुत्रा चावलेल्या माणसाला देतात ते एक औषध आहे. घोड्याला टोचून त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं जे तयार होतं ते काढून घेतात, त्याला अँटिबॉडी म्हणतात. औषध जुनंच आहे, टोचायची रीत तेवढी नवी. मांडीत नेहमीची लांब सुई बरी, की पोटाच्या कातडीखाली पेनासारखं यंत्र बरं, हे धडधाकट माणसांवर करून बघायचं. पेन दाबलं की सुई आपोआप आत जाते. अशी बारा माणसं आहेत. सहा जणांना आधी सुई, सहा जणांना आधी पेन, आणि तीन आठवड्यांनी उलट. पहिली फेरी झाली. दुसरी उद्या सकाळी दहाला आहे.

ताई, मला भीती वाटते आहे. काल दिवसभर भात गिळला नाही.

बेटेगावची सोमी माझ्याकडे भाजी घेऊन येते, तिचा नवरा देवू. बारावा माणूस मिळत नव्हता म्हणून मीच त्याला बोलावलं. फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, पूर्वी घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध घेतलंय का. आता हे कुणाला माहीत असतं? म्हणून आम्ही विचारतो, कधी दवाखान्यात राहिला होतास का, कशासाठी. देवू म्हणाला, "आठ वर्सां झाली, पान लागलेला. पालघरला चार दिवस होतो, बाटल्या लावलेल्या." डॉक्टरांनी मला विचारलं, "क्या बोल रहा है?" मी म्हटलं, "पत्ता लगा था, खुजली हुई थी." चार दिवसांचं आणि बाटल्यांचं सांगितलंच नाही. फॉर्मवर लिहिलं, पानाने खाज, किरकोळ. त्या दिवशी फार घाई होती, बाहेर माणसं ताटकळत होती. शब्द कानावरून गेला.

हातावर थेंबभर टोचून पाहिलं, काही झालं नाही. मग मांडीत सुई दिली, तेव्हाही काही नाही. दहाव्या दिवशी सोमी म्हणाली, "त्याचा आंग सुजला, सांधे धरलेत." मी म्हटलं, भात झोडून झोडून धरले असतील. तेही मी कुठे लिहिलं नाही. चार दिवसांनी त्याला बरं वाटलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग परवा शुक्रवारी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून दुसऱ्या फेरीची सूचना दिली. म्हणाले, घोड्याचं औषध ज्याच्या अंगात आपल्या पहिल्या फेरीच्याही आधी कधी गेलंय त्याला आता पुन्हा दिलं तर अंग उलटू शकतं. घसा सुजतो, दम कोंडतो, पाच मिनिटांत माणूस हातचा जातो. हातावरची चाचणी साफ आली तरी भरवसा नाही. म्हणूनच आपण असा माणूस एकही घेतलेला नाही, असं म्हणून त्यांनी माझ्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर थाप मारली. मी भीत भीत विचारलं, पान लागल्यावर सरकारी दवाखान्यात जे देतात ते कशाचं असतं? पान म्हणाले नाही, हिंदीत विचारलं. ते म्हणाले, "वो भी घोडे का."

सगळे चहाला उठले, मी खुर्चीतच बसून राहिले.

ताई, वर मी खोटं लिहिलंय. खोडत नाही, राहू दे तसंच. शब्द कानावरून गेला नव्हता. नवापूरच्या पोरीला पान लागणं म्हणजे काय ते कळणार नाही? आपल्या आईने जन्मात त्या जनावराचं नाव घेतलं नाही. दारात निघालं तरी "लांबडं आलं" म्हणायची. नाव घेतलं की ते येतं. देवू काय म्हणतोय ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

मग का केलं? डॉक्टर सकाळपासून एकेकाच्या बोलण्याला हसत होते आणि मी त्यांच्या बाजूला बसून हसत होते. खरं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं, आमच्यात त्याचं नाव घेत नाहीत, पान म्हणतात. आमच्यात. तो एक शब्द मला जड गेला. शिवाय बारावा माणूस हातचा गेला असता. खुजली म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, "यहाँ के लोगों को पत्ता भी लगता है." आणि मी हसले. देवूसुद्धा हसला, त्याला वाटलं काहीतरी चांगलं चाललंय.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालंय. सांगितलं तर नोकरी जाईल, ती जाऊ दे. पोलिसांत देतील का ग? भावोजींना विचारून लगेच कळव, मी काय करू.

हे लिहिलं आणि मग लक्षात आलं. हे पत्र तुला बुधवारी मिळणार. देवूला उद्या दहाला टोचणार. मी तुला विचारत बसले आहे आणि तू उत्तर द्यायच्या आत तो मेलेला असेल.

आत्ता तीन वाजलेत. बेटेगावला जाते. पत्र बंद करत नाही.

सोमवार, दुपारी

काल गेले तेव्हा देवू खळ्यावर पेंढा बांधत होता. सोमीने कोरा चहा दिला. मी सगळं सांगितलं, हसले तेही सांगितलं. तो पेंढ्याची दोरी हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "पन मी तर तुमाला सांगितला होता. पान लागलेला म्हनून. तुमी लिवला नाय?"

"दुसरंच लिहिलं."

"मंग उद्या मी मरला असता?"

मी म्हटलं, कदाचित. सोमी उठून घरात गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. मला वाटलं होतं देवू शिव्या देईल, अंगावर येईल. तो नुसता म्हणाला, "तुमी आपल्यातल्या. डागदर समजला नाय तरी तुमी समजाल, म्हनून मी बोललो." ताई, त्यापेक्षा मारलं असतं तर बरं होतं.

आज सकाळी आठलाच डॉक्टरांकडे गेले. मी म्हटलं, देवू को साँप काटा था. मुझे मालूम था. ते हसले नाहीत. नोकरीचं काही बोलले नाहीत, पोलिसांचंही नाही. देवूच्या फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि आजची फेरी थांबवली. मला वाटलं, सुटले.

मग त्यांनी उरलेले अकरा फॉर्म माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, "इनमें क्या-क्या नहीं लिखा?"

मी एकेक उलटत गेले. सगळं माझंच अक्षर, छान वळणदार. आनंदा बोलताना सारखा छातीला हात लावत होता, का ते आठवत नाही. जिव्या तर पंधरा मिनिटं काहीतरी सांगत होता, अगदी जीव तोडून. त्याच्या फॉर्मवर लिहिलंय, काही नाही. पहिला डोस सगळ्यांच्या अंगात तीन आठवड्यांपूर्वीच गेलाय. सांधे कुणाकुणाचे धरले, मी विचारलेलंच नाही.

डॉक्टरांनी मला कोरे फॉर्म दिले, प्रत्येकाला पुन्हा विचारून भरायला. ते पिशवीत घातलेत. आईला यातलं काही सांगू नकोस.

आता निघते. पहिल्यांदा जिव्याकडे.

तुझी,
नवसी